अडलेला घास



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावणे धाडले तेव्हा त्यांच्या मनात कामगार चळवळीच्या इतिहासाविषयी काहीतरी असावे. मी त्यांना कळवले की इतिहासावरच बोलेन, पण तो घशाचा असेल. गृहस्थ सभ्य, त्यांनी लगेच होकार दिला. आयुष्यभर घोषणा देऊन ह्याचा घसा बसला असेल, म्हणून हा विषय सुचला, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

मी वैद्य नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पहिल्या पाळीहून सुटल्यावर गावच्या वाचनालयात आणि रद्दीवाल्याच्या दुकानात झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात वैद्यकाची काही चूक आढळली तर सभागृहातल्या डॉक्टरमंडळींनी मला नंतर बाहेर गाठावे. मी पळून जाणार नाही. ह्या विषयाकडे मी हौसेने वळलेलो नाही. त्याला एक रात्र कारण झाली, ती आधी सांगतो.

१९९६ सालचा उन्हाळा. मी त्या वेळी कापडाला रंग देणाऱ्या एका कारखान्यात धुलाई खात्यात होतो. रंगवण्यापूर्वी कापडातले मेण आणि तेलकटपणा काढण्यासाठी ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळावे लागते. हा सोडा पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपाने पोत्यातून येई, टाकीत विरघळे, आणि मशीनच्या जाळ्या धुवायला म्हणून त्यातला थोडा कोणीतरी रिकाम्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवून देई. बाटली पिण्याच्या पाण्याची; तिच्यावर बर्फाच्या डोंगराचे चित्र. रात्री दीडच्या सुमारास आमचा एक बावीस वर्षांचा सोबती घामाने निथळत आला. तो बीडकडचा, म्हणून सगळे त्याला बीडकरच म्हणत. त्याने ती बाटली उचलली आणि तोंडाला लावली. एकच घोट. कॉस्टिकला रंग नाही, वास नाही. घोट गेल्यावर मग तो ओरडला.

आम्ही धावलो. कोणी म्हणाले मिठाचे पाणी द्या, उलटी होऊन सगळे बाहेर पडेल. ते पाणी मीच कालवले, मीच पाजले. त्याला उलटी झाली तेव्हा आम्हाला सुटल्यासारखे वाटले. पहाटे इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "उलटी कोणी करवली?" मी हात वर केला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "जे जाताना जाळते ते येतानाही जाळते." त्या वाक्यानंतर मी ह्या विषयावर हाती लागेल ते वाचत आलो आहे.

गिळणे ही क्रिया आपण दिवसातून शेकडो वेळा करतो आणि एकदाही तिचा विचार करीत नाही. घास जिभेने मागे ढकलला की त्या क्षणापुरता श्वास थांबतो, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते, टाळूचा पडदा नाकाची वाट बंद करतो, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला स्नायू क्षणभर ढिला होतो. एवढ्या कामाला सुमारे तीस स्नायू आणि मेंदूतून निघणारे अनेक मज्जातंतू एका तालात लागतात. खाली पंचवीस सेंटिमीटरची नळी आहे, तिच्यात लाट उठते आणि घास आठ-दहा सेकंदांत जठरात पोचतो. ही लाट इतकी भरवशाची की माणूस उलटा टांगला तरी घास जायच्या दिशेलाच जातो. ह्या नळीत तीन जागा जन्मतःच जरा अरुंद: अगदी वर, मधे जिथे महारोहिणी आणि श्वासनलिकेची डावी शाखा तिला टेकतात तिथे, आणि खाली जिथे ती छातीचा पडदा ओलांडते तिथे. पोराने गिळलेले नाणे बहुधा ह्यांपैकी एखाद्या जागी अडकते. कॉस्टिकचा घोटही तिथेच जास्त रेंगाळतो.

घास का अडतो, ह्याची कारणे पुष्कळ आहेत. पक्षाघाताने तो ताल बिघडतो, म्हणून झटका आलेल्या रोग्याला पाण्याचाही ठसका लागतो आणि ते फुप्फुसात उतरते. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले तर नळीचे खालचे टोक आवळते. कर्करोग नळी आतून बुजवतो. डॉक्टर आधी एक साधा प्रश्न विचारतात: भाकरी अडते, की पाणीसुद्धा? आधी भाकरी, मग भात, मग पेज असा क्रम लागला तर वाट बहुधा अरुंद होत चालली आहे. पहिल्यापासून भाकरी आणि पाणी दोन्ही अडू लागली तर लाटेत किंवा स्नायूत दोष असण्याचा संभव अधिक. ही माहिती घरोघर असावी, कारण आपल्याकडे माणूस भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागतो, मग पेजेवर येतो, आणि सहा महिने घरात कोणाच्या लक्षात येत नाही. वय झाले, दात गेले, अशी समजूत करून घेतात.

ह्या नळीत डोकावण्याची विद्या फार जुनी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये टॉमस विलिस नावाचा नामांकित वैद्य होता. त्याच्याकडे एक रोगी आला. त्याने खाल्लेले नळीत साचे आणि परत येई. जठराच्या दाराचा स्नायू ढिलाच होत नसे. विलिसने देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक हाडाची कांडी घेतली, तिच्या टोकाला स्पंज बांधला आणि जेवताना तिने घास खाली ढकलायला त्या माणसाला शिकवले. १६७४ साली विलिसने ही हकीकत छापली तेव्हा तो माणूस सुमारे पंधरा वर्षे असाच जेवत होता. स्नायू कापून ती वाट मोकळी करणारी शस्त्रक्रिया जर्मनीत हेलर ह्याने केली, ती १९१३ साली. मधली अडीचशे वर्षे बहुतेक रोग्यांच्या वाट्याला तसली कांडीच होती.

आत नजर टाकायचा मान एका डोंबाऱ्याच्या भाऊबंदाकडे जातो. १८६८ साली फ्रायबुर्गच्या कुसमाउल नावाच्या प्राध्यापकाला तलवार गिळून दाखवणारा एक खेळकरी भेटला. तलवार जाते तर सरळ नळी का जाणार नाही, असा विचार करून त्याने सत्तेचाळीस सेंटिमीटर लांबीची धातूची नळी त्या खेळकऱ्याच्या घशातून उतरवली. दिवा मद्यार्क आणि टर्पेंटाइनवर जळणारा, नळीच्या बाहेर धरलेला. आत उजेड पोचेना. ज्ञानाच्या इतिहासात प्राध्यापकाचे नाव राहिले. ज्याने मान मागे टाकून ती कांब सोसली त्याची मजुरी काय ठरली होती, हे मी वाचलेल्या पुस्तकांत कोठे दिलेले नाही. असो.

आता मी ज्या माणसासाठी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. शेव्हालिअर जॅक्सन. जन्म १८६५ सालचा, अमेरिकेत पिट्सबर्ग येथला. कोळशाच्या खाणींचा आणि भट्ट्यांचा तो मुलूख. घरची गरिबी, पोर अंगाने किरकोळ, शाळेत मोठी मुले त्याला छळीत. एकदा त्यांनी डोळे बांधून त्याला कोळशाच्या बंद पडलेल्या खाणीत ढकलले. एका कुत्र्यामुळे तिकडे लक्ष गेले आणि एका खाणकामगाराने त्याला बाहेर काढले. काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून त्याने वैद्यकीय शिक्षणाचे पैसे उभे केले आणि १८८६ साली तो पदवीधर झाला. पुढे त्याला क्षयाने पुन्हा पुन्हा अंथरूण धरायला लावले, आणि त्या अंथरुणातही तो पुस्तके लिहीत राहिला. दोन्ही हातांनी चित्रे काढी. फळ्यावर रंगीत खडूंनी घसा काढून दाखवी तेव्हा विद्यार्थी बघत राहत असे म्हणतात.

१८९० च्या सुमारास त्याने अन्ननलिका पाहायची स्वतःची नळी तयार केली आणि तिच्यातून एका मुलाच्या घशातले नाणे व एका प्रौढाच्या घशातली दातांची कवळी काढली. उत्साहाच्या भरात ते हत्यार इतरांच्या हाती गेले, आणि अशिक्षित हातांनी ते वापरल्यामुळे माणसे दगावली. ह्याची बोच त्याने आपल्या आत्मचरित्रात लपवलेली नाही. पुढे नळीच्या आतल्या टोकाशी इवलासा विजेचा दिवा आला आणि कुसमाउलची अडचण सुटली. जॅक्सनने लोकांच्या घशांतून आणि फुप्फुसांतून काढलेल्या नाणी, टाचण्या, बटणे, हाडे असल्या २३७४ वस्तू आजही फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात खणांतून मांडलेल्या आहेत. लोक त्या बघायला जातात. मला तो मनुष्य मोठा वाटतो, तो मात्र ज्या गोष्टीला खणात जागा नाही तिच्यासाठी.

पिट्सबर्गच्या दिवसांत त्याच्याकडे सात वर्षांची एक मुलगी आणली. हाडांचा सापळा. तिने घरातला क्षार गिळला होता आणि आता पाण्याचा थेंबही खाली उतरत नव्हता. जॅक्सनने नळी घालून पाहिले तो अरुंद झालेल्या जागेत अन्नाचा आणि मेलेल्या पेशींचा करडा बोळा अडकलेला. तो त्याने काढला आणि मुलीच्या हाती पाण्याचा पेला दिला. तिने भीत भीत एक घोट घेतला. परत येईल अशीच तिची अपेक्षा होती. तो गेला. मग दुसरा घोट. मग तिने परिचारिकेच्या हातातले तबक हळूच बाजूला सारले, डॉक्टरचा हात धरला आणि त्याचे चुंबन घेतले.

हा क्षार म्हणजे कोणती वस्तू? आमच्या धुलाई खात्यातलाच कॉस्टिक सोडा. तिकडे शेतावरच्या बायका पूर्वी लाकडाच्या राखेतून पाणी गाळून, त्यात चरबी उकळून घरीच साबण करीत. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांनी हा क्षार डब्यात भरून विकायला काढला. साबण करायला, मोरी साफ करायला, भांडी घासायला एक डबा घरात असेच. आणि तो राही कोठे, तर स्वयंपाकघराच्या फळीवर, साखरेच्या शेजारी. दिसायला पांढरा, साखरेसारखा. रांगते मूल डब्यात बोट घाली आणि बोट तोंडात. आता ह्यातली क्रूर गंमत अशी की क्षार आणि चरबी एकत्र आली म्हणजे जी क्रिया होऊन साबण होतो, तीच क्रिया घशाच्या मांसात होते. आम्लाने मांस भाजून वर खपली धरते आणि पुष्कळदा ती खपलीच पुढची वाट काहीशी अडवते. क्षार मांस विरघळवीत खोल जातो. पहिल्या आठवड्यात मूल वाचले तर आईबाप देवाचे आभार मानत. खरी गोष्ट तीन आठवड्यांनी सुरू होई. जखम भरताना तिचा व्रण आवळत जातो, कातडे भाजल्यावर बोटे आखडतात तसा; आणि नळी मिटत जाते.

मग उपाय एकच: रबराच्या किंवा रेशमी कांड्या, आधी बारीक, मग जाड, आठवड्याला एक अशा महिनोन्‌महिने घालून वाट रुंदावत राहायचे. ती फारच अरुंद असली तर पोटाला भोक पाडून तेथून दूध घालायचे. रोग्याने दोरा गिळायचा, त्याचे टोक पोटाच्या भोकातून बाहेर काढायचे, आणि त्या दोऱ्याला कांडी बांधून ती खालून वर ओढायची, ही युक्ती जॅक्सनचा सहकारी गेब्रियल टकर ह्याने काढली. आंधळेपणाने वरून घुसवलेली कांडी नळी फोडून छातीत जाई. दोरा मात्र आपल्या वाटेनेच जातो.

जॅक्सन ह्या कामात निष्णात झाला. एवढ्यावर तो थांबता तर एक थोर शल्यवैद्य म्हणून त्याचे नाव राहिलेच असते. परंतु एकामागून एक येणाऱ्या मुलांच्या घशात पाहताना त्याला दिसले की हा रोग घशात उत्पन्न होत नाही. तो डब्यात उत्पन्न होतो. डब्यावर झगझगीत चित्र होते, कारखानदाराचे नाव होते, मोरी किती स्वच्छ होईल ह्याचे वर्णन होते. आत विष आहे हे सांगणारा शब्द अनेकदा नव्हताच. औषधाच्या दुकानातल्या विषारी बाटलीवर तसे लिहिणे भाग होते. हा तर वाणसामानात विकला जाणारा जिन्नस.

त्याने डब्यावर 'विष' हा शब्द छापा अशी मागणी सुरू केली. कारखानदारांना ती रुचली नाही. तो शब्द पाहून गिऱ्हाईक बिचकेल ही त्यांची भीती. आयांनी डबा उंचावर ठेवावा, पोरांकडे लक्ष द्यावे, असा उपदेश करायला मात्र कोणालाच अडचण नव्हती. हे युक्तिवाद ऐकून मला परक्या देशाची गोष्ट ऐकल्यासारखे वाटत नाही. प्रत्येक चौकशीत आम्ही तेच ऐकतो: कामगाराचा निष्काळजीपणा. जॅक्सन स्वभावाने बुजरा, सभा-मेजवान्या टाळणारा. पण ह्या एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षे तो सभांतून बोलला, कायदेमंडळांपुढे गेला, मुलांची छायाचित्रे घेऊन लोकप्रतिनिधींना भेटला. पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशन पाठीशी उभी राहिली. ४ मार्च १९२७ रोजी अध्यक्ष कूलिज ह्यांची सही होऊन दाहक विषांसंबंधीचा संघराज्याचा कायदा झाला.

ह्या कायद्याचा मसुदा मी वाचला आहे आणि आम्हा पत्रके छापणाऱ्यांना तो कळायला सोपा आहे. घरगुती वापराच्या पुडक्यावर पदार्थाचे नाव हवे, बनवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे नाव-गाव हवे, अपघात झाल्यास काय करावे ते हवे, आणि 'विष' हा शब्द ठळक मोठ्या अक्षरांत, २४ पॉइंटहून लहान नसलेल्या टाइपात हवा. दहा टक्के किंवा त्याहून अधिक कॉस्टिक सोडा असला की हे लागू. टाइपाचा आकार कायद्यात घालणाऱ्या माणसाने कारखानदारांशी पुष्कळ वाटाघाटी केल्या असल्या पाहिजेत. आकार सांगितला नाही तर 'विष' हा शब्द कोठे आणि किती बारीक बसवता येतो, हे करारपत्रांवर सह्या केलेला कोणीही सांगेल.

कायद्याने सगळे भागले असे नाही. डब्यावरच्या उपायांतही तेव्हाची समजूत होती: क्षार पोटात गेला तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाजा. आज ते वर्ज्य मानतात. आम्लाने क्षार मारताना उष्णता होते आणि उलटीचीही भीती. उलटी तर मुळीच करवायची नाही. तोंड धुवावे, आणि बाटली बरोबर घेऊन ताबडतोब इस्पितळ गाठावे; आत काय गेले हे त्या बाटलीवरूनच कळते. पुढे १९६० च्या दशकात मोऱ्या साफ करण्याचे दाट पातळ द्राव बाजारात आले. डब्यातला कोरडा क्षार जिभेला चिकटे आणि मूल तो थुंकून टाकी. द्राव एका घोटात थेट जठरापर्यंत. 'विष' शब्द बाटलीवर असूनही नळ्या जळत राहिल्या, कारण दोन वर्षांच्या मुलाला २४ पॉइंटही वाचता येत नाही. तेव्हा द्रावाची तीव्रता उतरवावी लागली आणि १९७० साली मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशा झाकणांचा कायदा आला. जुन्या कायद्याची जागा दरम्यान १९६० साली एका व्यापक कायद्याने घेतली होती. जॅक्सन १९५८ साली, ब्याण्णव वर्षांचा होऊन वारला.

इथे एका मजुराची आठवण केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १८९५ साली अमेरिकेतल्या टॉम नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने घाईघाईने उकळते सूप गिळले. नळी कायमची बंद. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडले. पुढे तो वाढला, अंगमेहनतीची कामे केली, संसार केला. पण आयुष्यभर जेवला तो एकट्याने. घास तोंडात चावायचा, चव घ्यायची, आणि मग नरसाळ्यातून पोटात घालायचा. चावल्याशिवाय भूक भागल्यासारखे त्याला वाटत नसे. दुसऱ्या कोणी बघू नये म्हणून तो जपे. पुढे न्यूयॉर्कच्या वुल्फ नावाच्या दोन डॉक्टरांनी त्याच्या पोटाच्या त्या खिडकीतून राग, भीती आणि चिंता ह्यांनी जठराचा रंग कसा पालटतो हे पाहिले आणि १९४३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मला त्या ग्रंथापेक्षा तो एकटा जेवणारा मजूर आठवतो. जेवणाच्या सुटीत डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस आम्हीही पाहिला आहे. त्याच्याकडे वळेनच.

रोग घशात आणि कारण भलतीकडे, ह्याची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात देतो, कारण ती आपल्या घरांना जवळची आहेत. मध्यमवयीन बाया तक्रार करीत की घास गळ्याशीच अडतो. तपासून फारसे काही सापडत नसे. अमेरिकेत व्हिन्सन ह्या डॉक्टरने १९२२ साली अशा रोग्यांवर लेख लिहिला तेव्हा त्याला नाव दिले 'उन्मादी गिळणअडचण'. म्हणजे बाईच्या मनाचे खेळ. त्याआधी १९१९ साली ब्रिटनमधल्या पॅटरसन आणि ब्राउन केली ह्या डॉक्टरांनीही ह्या बायांची नोंद केली होती. हळूहळू दिसले की त्या फिकट आहेत, त्यांची नखे चमच्यासारखी खोलगट आहेत, रक्तात लोह नाही. आणि नळीच्या तोंडाशी पातळ पडदा धरला आहे. १९३९ साली स्वीडनमध्ये ह्याला लोहाच्या उणिवेचे नाव मिळाले. पुष्कळींना लोहाच्या गोळ्यांनीच घास जाऊ लागला. तसेच सोडले तर काहींना पुढे तेथेच कर्करोग होई. सगळ्यांना वाढून उरलेले खाणारी, दर महिन्याला रक्त गमावणारी, बाळंतपणांनी झिजलेली बाई. तिच्या गळ्याशी भाकरी अडते आणि तिला सांगतात, मनावर घेऊ नको.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९५० च्या दशकाच्या आरंभी कान-नाक-घशाचे डॉक्टर स. गो. जोशी ह्यांनी टाळू आणि घशाच्या कमानी आतून पांढऱ्या, ताठ होत जाण्याच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास आफ्रिकेत केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत तोच विकार श्वार्ट्‌झ ह्या डॉक्टरला आढळला. आधी तिखट झोंबते, मग तोंड तीन बोटे उघडायचे ते दोन, मग एक. विकार घशात उतरला की गिळणेही अवघड. कारण पुढच्या संशोधनात ठरले: सुपारी. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारी ही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात २००२ साली गुटख्यावर बंदी आली, ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली पुन्हा आणली गेली. मी बंदीच्या बाजूचा आहे. तरी रात्रपाळीला चार वाजता पोर पुडी का फोडतो, हे मला ठाऊक आहे. झोप मरते, भूक मरते, आणि कॅन्टीन बंद असते.

आता आमच्या बाटलीकडे. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर देशात १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले. रसायनाच्या प्रत्येक भांड्यावर आत काय आहे ते ठळक लिहिले पाहिजे असे त्या नियमांत होते. आमच्या कारखान्यात पोत्यांवर नावे होतीच. इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यांनी पोती पाहिली आणि शेरा चांगला दिला. पोत्यातून टाकीत, टाकीतून बादलीत आणि बादलीतून बाटलीत गेलेल्या रसायनाचे नाव वाटेत कोठेतरी गळून पडते. आणि बाटली कोणाची? कोणाचीच नाही. चौकशीत निष्पन्न झाले की बाटली भरणारा कामगार, ठेवणारा कामगार, पिणाराही कामगार. नुकसानभरपाईसाठी आम्हाला चार वर्षे झगडावे लागले.

बीडकरला तेविसाव्या दिवशी भाकरी अडली. पुढच्या आठवड्यात भात. मग त्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर पंधरवड्याला दुर्बीण घालून नळी रुंद करायची, आणि पुन्हा ती आवळायची. दोन वर्षांत एकोणतीस वेळा, हे आकडे त्याच्या कागदांच्या पिशवीत आहेत. त्या दिवसांत तो जेवणाच्या सुटीत भिंतीकडे तोंड करून बसे. एक घास खाली उतरायला त्याला उभे राहून मान झटकावी लागे आणि ते कोणी पाहू नये असे त्याला वाटे. मी शेजारी जाऊन बसू लागलो. त्याने मला मिठाच्या पाण्याबद्दल कधी शब्दाने विचारले नाही. मीच एकदा सांगितले. "दादा, त्या वेळी तुम्हीच तर धावलात," एवढेच तो म्हणाला, आणि ते मला अजून पुरते सोसवलेले नाही.

१९९९ च्या करारात आम्ही पगारवाढीच्या मागण्यांबरोबर एक कलम घातले: खात्यात पिण्याच्या पाण्याची बाटली रसायनासाठी वापरायची नाही, कॉस्टिकसाठी लाल डबा, त्यावर मराठीत आणि हिंदीत नाव, पिण्याचे पाणी खात्यातच, पंचवीस पावलांच्या आत. व्यवस्थापक हसून म्हणाले, ह्याला पैसे पडत नाहीत, हे घ्या लिहून. मग अक्षरांचा आकार किती, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मान वर केली. माझ्या पिशवीत जॅक्सनच्या कायद्याचा टिपून आणलेला कागद होता. कलम मान्य झाले. आमच्याच सभासदांनी नंतर दोनदा ते मोडले, हेही सांगितले पाहिजे. लाल डबा लांब होता आणि बाटली हाताशी.

बीडकरने पुढे कारखाना सोडला आणि गावाबाहेर छोटे किराणा दुकान घातले. २००९ साली मी त्याच्या घरी गेलो होतो. मोरीत फिनेलची बाटली होती, सायकलवाल्याकडून घेतलेली, म्हणजे मुळात थंड पेयाचीच. तिच्यावर कागद चिकटवून त्याच्या चौथीतल्या मुलीने स्केचपेनाने 'विष' असे लिहिले होते. वेलांटी जरा कलंडली होती. अक्षरे २४ पॉइंटहून पुष्कळ मोठी.

त्या रात्रीला आता तीस वर्षे होत आली. क्षाराने जळलेल्या नळीत काही दशकांनी कर्करोग उद्भवण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो, म्हणून डॉक्टर अशा माणसाला अधूनमधून दुर्बिणीने तपासून घ्यायला सांगतात. बीडकर टाळतो आहे. एकोणतीस वेळा घातली, आता पुरे, म्हणतो. आणि गेल्या दिवाळीत चकली चहात बुडवून खाताना मी त्याला मधेच थांबलेला पाहिला. मी विचारले तेव्हा म्हणाला, चकली जाड आहे. येत्या सोमवारी मी त्याच्या दुकानी जाणार आहे आणि त्याला घेऊनच इस्पितळात जाणार आहे. त्याच्या मुलीला तसे सांगून ठेवले आहे.